थांबलेल्या जीपची वही

धागा. आज लढाया नाहीत, तह नाहीत, वंशावळीही नाहीत. आज एका जीपविषयी लिहायचे आहे. ही जीप १९७३-७४ च्या हिवाळ्यात आलापल्ली-भामरागड रस्त्यावर पुनःपुन्हा बंद पडत असे आणि तपासणीसाठी उभी केली की निमूटपणे चालत असे. तिच्यामुळे एका माणसाची वेतनवाढ रोखली गेली. तो माणूस माझे आजोबा, एका सरकारी खात्यातले वाहनचालक. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

प्रथम भूगोल. तेव्हा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. वरोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंतचा सारा प्रदेश चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. वैनगंगेच्या पूर्वेला लोहमार्ग म्हणजे जवळजवळ एकट्या वडसा स्थानकाचा उल्लेख. त्यामुळे दक्षिणेकडच्या सागवानी अरण्यात शासनाचे अस्तित्व जे काही होते ते चार चाकांवर होते. लसीकरण, तगाई, मतदानाच्या पेट्या, जंगलाचे लिलाव, जमाबंदी, सारे जीपमधून येई आणि जीपमधून परत जाई. भामरागडचा रस्ता कच्चा, कोरड्या हंगामापुरता. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की पलीकडचे जग संपले. अशा ठिकाणी जीप बंद पडणे म्हणजे त्या दिवसापुरते शासन बंद पडणे होय.

ही जीप तिथवर आली कशी? दुसऱ्या महायुद्धात विलिज आणि फोर्ड या अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या कित्येक आपल्याकडे राहिल्या आणि लिलावात विकल्या गेल्या. १९४५ मध्ये जे. सी. आणि के. सी. महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला दुसरा शब्द बदलला. मुंबईत माझगावला विलिजच्या सुट्या भागांतून जीप जोडली जाऊ लागली. पुढे येथेच तयार झालेली उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’ दशकानुदशके सरकारी अंगणांत उभी असलेली दिसे. आजोबांची जीप तीच. चार सिलिंडर, पेट्रोल, टाकीत सुमारे चाळीस लिटर.

आता जरा गॅरेजमध्ये जाऊ. मिस्त्रींच्या बोलीत जुन्या इतिहासाचे तुकडे जसेच्या तसे पडून असतात, आणि आम्हां विद्यार्थ्यांना ते क्वचितच दिसतात. आपल्याकडे डिस्ट्रिब्यूटरला ‘डेल्को’ म्हणतात. हे ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ या नावाचे संक्षिप्त रूप. ओहायोतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांच्या साहाय्याने ठिणगी पाडण्याची पद्धत सिद्ध केली आणि ती १९१० च्या कॅडिलॅकमध्ये बसली. पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला जुने मिस्त्री ‘एसी पंप’ म्हणतात. यातला एसी म्हणजे थंडावा नव्हे. अल्बर्ट शाँपियाँ हा फ्रेंच सायकलपटू १८९९ ची पॅरिस-रूबे शर्यत जिंकून पुढे अमेरिकेत गेला, स्पार्क प्लगचा कारखानदार झाला. त्याच्या नावाची आद्याक्षरे ए. सी. आणि ‘स्टेपनी’ तर वेल्समधल्या लानेली गावचा एक रस्ता. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाकाचा धंदा सुरू केला आणि रस्त्याचे नाव चाकाला चिकटले. त्या गावाचे नावही न ऐकलेला आष्टीचा पंक्चरवाला दिवसातून दहा वेळा ते उच्चारतो.

हे विषयांतर नाही. गाडी मधूनमधून बंद का पडते याचा शोध या दोनच वस्तूंभोवती फिरतो, डेल्को आणि एसी. ठिणगी आणि पेट्रोल.

कायमचा बिघाड सोपा असतो. तुटलेला भाग तुटलेलाच राहतो. पाहिला, बदलला, संपले. अवघड असतो तो येऊन-जाऊन असणारा बिघाड. तो रस्त्यात प्रकट होतो आणि गॅरेजच्या दारात विरून जातो. मिस्त्रीला त्या क्षणाचा साक्षीदार होता येत नाही. त्याला चालकाच्या सांगण्यावरून, म्हणजे साधनांवरून, तो क्षण पुन्हा उभा करावा लागतो. इतिहासकाराची स्थिती हीच. कार्लो गिन्झबर्ग यांनी १९७९ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात वैद्याचे लक्षण, गुप्तहेराचा धागा आणि चित्रपारख्याने न्याहाळलेली कानाची पाळी यांना एकाच ज्ञानपद्धतीत बसवले आहे. त्या रांगेत बल्लारपूरचा एखादा मिस्त्री बसवायला माझी काही हरकत नाही.

चांगला मिस्त्री बॉनेट उघडण्यापूर्वी प्रश्न विचारतो. पहिला: गाडी बंद पडली ती कशी? दिवा विझावा तशी एकदम, की गचके देत, खोकत, धापा टाकत? एकदम बंद पडली तर संशय ठिणगीवर: कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, सैल वायर. कारण वीज असते किंवा नसते. तिला ओसरायला वेळ लागत नाही. गचके देत पडली तर संशय पेट्रोलवर, कारण कार्बोरेटरच्या वाटीत थोडे पेट्रोल शिल्लक असते आणि ते संपेपर्यंत इंजिन धडपडते. दुसरा प्रश्न: किती अंतर गेल्यावर? तिसरा: किती वेळाने, आणि काय केल्यावर पुन्हा सुरू झाली? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक चालक चुकीचे देतात. लबाडी नसते त्यात. बिघाडाच्या घाईत माणूस एकाच वेळी पाच गोष्टी करतो आणि त्यांतली कोणती लागू पडली हे त्याला कळत नाही.

चंद्रपूरकडे या प्रश्नांची उत्तरे ऋतूप्रमाणे बदलतात. मे महिन्यात इथला पारा देशातल्या सर्वांत उष्ण गावांच्या यादीत असतो. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी यांच्यात त्याबाबत दरवर्षी चुरस. पेट्रोल एका ठरावीक तापमानाला उकळत नाही. त्यातले हलके घटक आधी वाफ होतात. पंप इंजिनालाच बोल्टने बसवलेला, त्यामुळे तापलेला. आणि तो टाकीकडून पेट्रोल ओढतो म्हणजे नळीतला दाब कमी करतो. दाब कमी झाला की उकळणे आणखी सोपे. नळीत वाफेचा फुगा धरतो, पंपाचा पडदा वाफ दाबत बसतो आणि पेट्रोल पुढे जात नाही. यालाच वेपर लॉक म्हणतात. उपाय साऱ्यांना ठाऊक: पंपावर ओले फडके, सावली आणि धीर. विदर्भातल्या जुन्या चालकांच्या गाडीत पाण्याची कातडी पिशवी दोन तहानांसाठी असे.

कॉइलचाही उन्हाळ्याशी वैर असते. आतली तार कुठे बारीक तडकलेली असेल तर थंड असताना टोके टेकलेली राहतात, तापल्यावर सुटतात. गाडी एकदम बंद, अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही. ही कथा वेपर लॉकसारखीच ऐकू येते. भेद फक्त ‘एकदम’ आणि ‘गचके देत’ यात. त्यामुळे बिचाऱ्या पंपावर कित्येक वर्षे विनाकारण ओली फडकी पडली असतील. पावसाळ्याचे निदान त्या मानाने सरळ. नाल्यातून जाताना पंख्याने उडवलेले पाणी डेल्कोच्या टोपीवर बसते आणि ठिणगी वाट चुकते. अनुभवी चालक नाला ओलांडण्यापूर्वी पंख्याचा पट्टा सैल करीत.

राहिला हिवाळा. हिवाळ्यात जीपने तक्रार करण्याचे कारण नव्हते. आजोबांची जीप हिवाळ्यातच बंद पडू लागली.

आता साधनांविषयी. सरकारी गाडीला लॉगबुक असते: तारीख, कोठून कोठे, किलोमीटर, घेतलेले पेट्रोल, प्रयोजन, अधिकाऱ्याची सही. गाडी मध्येच दोन तास का थांबली हे लिहिण्यासाठी त्यात रकाना नसतो. आजोबांनी त्यासाठी स्वतःची वेगळी वही ठेवली होती, शंभर पानी, पुठ्ठ्याची. त्यांच्या पश्चात ती माझ्याकडे आली. तिच्यात टाचणीने लावलेला एक टंकलिखित मेमो आहे, फेब्रुवारी १९७४ चा. आशय असा: वाहन वारंवार मार्गात थांबवल्याचे निदर्शनास आले आहे, वाहनाची तपासणी केली असता कोणताही दोष आढळला नाही, सबब पेट्रोलच्या अपहाराचा संशय घेण्यास जागा आहे, खुलासा करावा. खुलासा झाला. तो मान्य झाला नाही. एक वेतनवाढ रोखली गेली.

घरात ही गोष्ट आम्ही ऐकून होतो, पण एका कोड्यासह. अपील करण्याची मुभा होती आणि आजोबा भांडखोर म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी अपील का केले नाही, हे आजीला शेवटपर्यंत उमगले नाही.

साहेबाचा संशय निव्वळ दुष्टपणाचा नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, अरब राष्ट्रांनी तेलाला हत्यार केले आणि नोव्हेंबरच्या आरंभी भारतात पेट्रोलच्या दरात मोठी वाढ झाली. १२ नोव्हेंबरला अटलबिहारी वाजपेयी दिल्लीत बैलगाडीत बसून संसदेत गेले. त्या हिवाळ्यात पेट्रोलचा प्रत्येक लिटर संशयित होता. त्यात एक विचित्र योगायोग. जीप बंद पडे ती नेहमी टाकी पूर्ण भरल्यानंतरच्या पहिल्या टप्प्यात. टाकी अर्ध्यावर आली की निर्दोष. आलापल्लीच्या पिंपातून टाकी भरायची, अरण्यात वीस-पंचवीस किलोमीटर आत जायचे, पेरमिलीच्या अलीकडे थांबायचे. चोरी करणारा नेमके हेच करील. पुरावा साहेबाच्या बाजूने बोलत होता, हे त्यांचा नातू-नात असलेल्यांनीही मान्य करायला हवे.

वहीतल्या नोंदी मी गेल्या वर्षी प्रबंधाच्या कामातून वेळ काढून कोष्टकात मांडल्या. २७ नोव्हेंबर ते ३ फेब्रुवारी, जीप नऊ वेळा बंद पडली. प्रत्येक वेळी शब्द एकच: ‘गचके देऊन’. म्हणजे डेल्को निर्दोष, शोध पेट्रोलच्या वाटेवर. सकाळची थंडी, म्हणून वेपर लॉकही नव्हे. पहिल्या सहा खेपांना जीप दहा मिनिटांच्या आत सुरू झाली आहे. शेवटच्या तीन खेपांना अर्धा-पाऊण तास लागला आहे. बिघाड वाढत गेला असे वरवर दिसते. मलाही तसेच वाटले होते.

परंतु सहाव्या आणि सातव्या नोंदीच्या मध्ये एक ओळ आहे, गाडीशी संबंध नसल्यासारखी: ‘टाकीच्या झाकणास पट्टी मारून कुलूप घातले. किल्ली ऑफिसात.’

इथे मी बराच वेळ अडले होते. कुलपाने बिघाड का वाढावा? मग पहिल्या सहा नोंदी पुन्हा वाचल्या. बंद पडल्यावर आजोबा काय करीत, ते त्यांनी ओघात लिहून ठेवले होते. काटा भरवशाचा नसल्याने झाकण उघडून बांबूची काडी घालून पेट्रोल पाहत. ते पुरेसे असे. मग पंपाच्या दांडीने पेट्रोल चढवत, सेल्फ मारत, आणि जीप सुरू होई. श्रेय पंपाच्या दांडीला. वास्तविक जीप सुरू झाली होती झाकण उघडल्यामुळे.

टाकीतून जितके पेट्रोल बाहेर जाते तितकी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला एक बारीक छिद्र असते. ते बुजले तर पेट्रोलच्या जागी पोकळी वाढते, टाकी उलट ओढ घेऊ लागते आणि एका क्षणी पंपाच्या पडद्याचे बळ अपुरे पडते. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर वर हवा थोडी, म्हणून एक-दोन लिटर खर्च होताच ही ओढ तीव्र होते. टाकी अर्धी रिकामी असेल तर तेवढ्याच खर्चाने फारसे बिघडत नाही. थंडीत पेट्रोलची वाफ कमी उठते, म्हणून पोकळी भरूनही निघत नाही. कडक उन्हाळ्यात तीच वाफ तिला काही अंशी भरून काढते. आजोबांच्या झाकणातून कुठूनशी चिमूटभर हवा शिरत असावी, म्हणून जीप वीस-पंचवीस किलोमीटर तग धरी आणि झाकण न उघडता थांबले तर अर्ध्या तासात सावरे. भरलेली टाकी, थंडी, गचके, प्रतीक्षा: चारही लक्षणे एकाच जागी येऊन मिळतात. पाचवे लक्षणही वहीत आहे. ‘झाकण काढताना फुस्स होते व टाकीचा पत्रा डब् वाजतो.’ ही नोंद डिसेंबरातली. ऐकले होते, लिहिले होते, अर्थ लावायचा राहिला होता.

आणि तपासणीत दोष का आढळला नाही? संशय चोरीचा होता. त्यामुळे तपासणाऱ्याने सर्वांत आधी काय केले असेल? झाकण उघडून पेट्रोल मोजले. त्या क्षणी दोष नाहीसा झाला. मग जीप बावीस किलोमीटर पळवून पाहिली नाही. आवारात दोन फेऱ्या मारल्या आणि शेरा लिहिला. ज्या कृतीने गुन्हा शोधायचा होता तिनेच निर्दोषत्वाचा एकमेव पुरावा पुसून टाकला. दप्तरात मात्र ‘दोष आढळला नाही’ हे वाक्य टंकलिखित, सहीशिक्क्यानिशी कायम राहिले. उद्या कोणी संशोधक त्या खात्याचे कागद चाळील तर त्याला तेवढेच मिळेल. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरून कागदांची पुडकी खाली आणली, म्हणून १८९८ पासून साधनांचे खंड निघू शकले. चालकांच्या घरांना माळे नसतात. वह्या रद्दीत जातात.

१० फेब्रुवारीला जीप दुसऱ्या कामासाठी बल्लारपूरला गेली. तिथल्या एका मिस्त्रीकडे आजोबा स्वखर्चाने थांबले. नोंद दोन ओळींची: ‘मिस्त्रीने विचारले, कुलूप कधी लावले. झाकण पाहिले. वायसर काढला, भोक मोकळे केले. गाडी ठीक.’ यानंतर त्या वहीत जीप बंद पडल्याची नोंद पावसाळ्यापर्यंत नाही. पहिलाच प्रश्न कुलपाचा विचारणाऱ्या त्या माणसाचे नाव आजोबांनी लिहिले नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

मग अपील का नाही? आता हाती पुरावा होता, साक्षीदार होता. उत्तर ‘वायसर’ या शब्दात होते. मी मागे मागे जात राहिले आणि १८ नोव्हेंबरच्या पानावर पोहोचले, पहिल्या बिघाडाच्या नऊ दिवस आधी. ‘पेट्रोल फार महाग झाले. खड्ड्यांत झाकणाच्या भोकातून उडून वाया जाते. सायकलच्या ट्यूबचा वायसर कापून झाकणाला लावला. आता थेंब सांडत नाही.’

खात्याचे पेट्रोल वाचावे म्हणून त्यांनी स्वतःच्या हातांनी छिद्र बुजवले होते. चोरीचा आळ खोडायचा तर सरकारी गाडीत परवानगीवाचून बदल केल्याचे कबूल करावे लागणार होते, आणि साऱ्या बंद पडण्यांचे कारण आपणच होतो हेही. भांडखोर माणसाने हिशेब केला आणि गप्प राहणे पत्करले, असे मी या दोन पानांवरून म्हणते. आजीला हे सांगायला मला उशीर झाला.

त्याच हिवाळ्यात, २३ डिसेंबर १९७३ रोजी, त्याच रस्त्याच्या टोकाला हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला. वहीत त्याचा उल्लेख आहे, पण चालकाच्या पद्धतीने: ‘ताडगावपुढे नवी माणसे दिसली. रस्ता विचारत होती.’ एवढेच. त्या दिवशी टाकी अर्ध्यावर होती. जीप बंद पडली नाही.

पुढचे थोडक्यात. पेट्रोलच्या जीपा मागे पडल्या. १९७९ मध्ये महिंद्रने प्यूजो कंपनीच्या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि सरकारी ताफे हळूहळू डिझेलवर गेले. डिझेलची गाडी बंद पडण्याची कारणे वेगळी: नळीत शिरलेली हवा, फिल्टरमधला गाळ, पाणी. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या पंपांचे रबरी पडदे त्याने लवकर खराब होतात अशी जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांची तक्रार असते. त्यावर एखादा स्वतंत्र धागा होईल. तूर्त ज्यांच्याकडे अशी जीप आहे आणि ती भरल्या टाकीवर गचके देत थांबते, त्यांनी पंप बदलण्यापूर्वी झाकण सैल करून पंचवीस किलोमीटर चालवून पाहावी. पेट्रोल उडते, तेव्हा विडी विझवून.

आणि ज्यांच्या घरी चालकांच्या, क्लीनरांच्या, मिस्त्रींच्या अशा वह्या असतील, विशेषतः अहेरी, एटापल्ली, सिरोंचा, चामोर्शी या भागांतल्या, त्यांनी कृपया कळवावे. वही मला देऊ नका. पानांची छायाचित्रे पुरेत. टाचणी लावलेले कागद असतील तर ते टाचणीसकट टिपा, कोणत्या पानाला लावले आहेत ते दिसले पाहिजे.